भिंतीवर एलिंग्टन, गल्ल्यावर कोण?

वस्ती सुधारली. फुटपाथ रुंद झाले, मेट्रोचं स्टेशन आलं, रात्री दहानंतरही रस्त्यावर वर्दळ दिसू लागली. मग जुना दुकानदार नाराज का? गिऱ्हाईक वाढलं तर गल्लाही वाढायला हवा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांबद्दल बोलणं निघालं की हा प्रश्न हटकून येतो. पाठोपाठ दुसराही येतो: धंदा तो धंदा, त्यात काळा मालक आणि गोरा मालक असा फरक कशाला करायचा?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शहरनियोजनाच्या काही अभ्यासकांनी गेली पंचवीस-तीस वर्षं त्यांचाच पिच्छा पुरवला आहे. इमारतींची उंची आणि रस्त्यांची रुंदी तर ते मोजतातच, पण न्हाव्याची दुकानं, खानावळी, पुस्तकांची दुकानं, एवढंच काय चर्चसमोरचं रविवारचं पार्किंगही त्यांनी अभ्यासाला घेतलं. डेरेक हायरा हे त्यातले एक. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीतले हे प्राध्यापक शहराच्या एकाच भागात अनेक वर्षं हिंडले, तिथल्या सभांना बसले, जुन्या-नव्या रहिवाशांशी बोलले आणि २०१७ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं: ‘रेस, क्लास अँड पॉलिटिक्स इन द कॅपुचिनो सिटी’. शहराला कॅपुचिनो का म्हटलं, ते पुढे येईलच. आधी तो भाग पाहू.

१. यू स्ट्रीट

वॉशिंग्टनमध्ये पूर्व-पश्चिम धावणाऱ्या अनेक रस्त्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावं आहेत. व्हाइट हाउसपासून उत्तरेकडे अर्धा-पाऊण तास चालत गेलं की यू स्ट्रीट लागतो. आजूबाजूच्या वस्तीला शॉ म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा रस्ता ‘ब्लॅक ब्रॉडवे’ म्हणून ओळखला जाई. १९१० मध्ये हॉवर्ड थिएटर उघडलं, १९२२ मध्ये लिंकन थिएटर. १८९९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये जन्मलेला, पुढे जॅझचा महान संगीतकार झालेला ड्यूक एलिंग्टन याच परिसरात वाढला.

हा झगमगाट हौसेतून आलेला नव्हता. शहराच्या मध्यावरच्या हॉटेलांत काळ्या माणसाला खोली मिळत नसे, उपाहारगृहात टेबल मिळत नसे. म्हणून जॉन व्हाइटलॉ लुइस या एकेकाळच्या मजुरानं १९१९ मध्ये यू स्ट्रीटजवळ व्हाइटलॉ हॉटेल उभं केलं. भांडवल काळ्या लोकांचं, वास्तुविशारद काळा, बांधणारे हातही काळे. त्याआधी १९१३ मध्ये त्यानं बँक काढली होती. महामंदीत ती बुडाली. १९३४ मध्ये जेसी मिचेल यांनी ती इंडस्ट्रियल बँक म्हणून पुन्हा उभी केली, आणि ती आजही चालू आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हाती येतं. काळ्या मालकाच्या दुकानात माल मिळे, तसंच इतरत्र न मिळणारं बरंच काही मिळे. न्हाव्याचंच घ्या. शिक्षक किंवा सरकारी कारकून गोऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली असायचा. सभेला गेल्याचं कळलं तर नोकरी जायची भीती. काळ्या न्हाव्याची गिऱ्हाइकं काळीच, त्यामुळे त्याला कामावरून काढणारं कुणी नव्हतं. म्हणून पत्रकं त्याच्या दुकानात ठेवली जात, वर्गणी तिथे गोळा होई, निवडणुकीची चर्चा तिथे रंगे. गावच्या चावडीचं, पतपेढीचं आणि वाचनालयाचं काम एकाच खुर्चीभोवती चाले.

विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी हे फार लवकर हेरलं होतं. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात घरोघरी जाऊन त्यांनी माहिती जमवली आणि १८९९ मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा ग्रंथ काढला. त्याच वर्षी अटलांटा विद्यापीठात त्यांनी कृष्णवर्णीयांच्या धंद्यांवर वेगळा अभ्यास घडवून आणला. वस्ती समजून घ्यायची तर तिथली दुकानं मोजायला हवीत, ही रीत तेव्हापासूनची.

२. भांडवल कुठून आणायचं?

छोटा दुकानदार सुरुवातीचं भांडवल आणतो तीन ठिकाणांहून: साठवलेले पैसे, नातेवाईक आणि घरावरचं कर्ज. या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच वस्तू असते, ती म्हणजे राहतं घर. घराची किंमत चांगली असेल तर ते गहाण ठेवून दुकान उघडता येतं, मंदीचं वर्ष निभावता येतं.

१९३० च्या दशकात अमेरिकन सरकारनं घरकर्जाला आधार द्यायला सुरुवात केली. तेव्हा शहरांचे रंगीत नकाशे तयार झाले. जिथे कर्ज देणं धोक्याचं मानलं गेलं ते भाग लाल रंगात, आणि काळ्या वस्त्या जवळपास सरसकट लाल. यालाच ‘रेडलायनिंग’ म्हणतात. हे नकाशे नसते तरी बँका तसंच वागल्या असत्या, असं काही इतिहासकार म्हणतात. पण १९३४ मध्ये स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशननं आपल्या नियमांतच वस्तीचा वर्ण धरला. परिणाम असा की दोन शेजारी भागांत सारखीच विटांची घरं. एकाला तीस वर्षांचं स्वस्त कर्ज, दुसऱ्याला नकार.

त्याची सावली अजून हटलेली नाही. अभ्यासक आंद्रे पेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ब्रुकिंग्ज संस्थेसाठी हिशेब मांडला. घराचा दर्जा आणि आसपासच्या सोयी सारख्या धरूनही काळ्या बहुसंख्येच्या वस्तीतल्या घराची किंमत सरासरी २३ टक्क्यांनी कमी भरते, म्हणजे घरामागे सुमारे ४८,००० डॉलर कमी. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर गहाण ठेवायला तेवढं कमी. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३-१४ टक्के आहेत. पगारी माणसं कामावर ठेवणाऱ्या धंद्यांत त्यांच्या मालकीचे धंदे मात्र ३ टक्क्यांच्या आसपासच आहेत.

भांडवल तोकडं म्हणून गाळा विकत घेणं परवडत नाही. म्हणून दुकान भाड्याच्या जागेत. पुढच्या प्रत्येक प्रसंगात ही गोष्ट आडवी येणार आहे.

३. पहिली सुधारणा: बुलडोझर

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानं शहरांना पडीक वस्त्या ताब्यात घेऊन, पाडून नव्यानं बांधायला केंद्राचा पैसा दिला. वॉशिंग्टनमध्ये आधीच्या एका कायद्याखाली नैर्ऋत्य भाग निवडला गेला. तिथल्या एका पट्ट्याची आकडेवारी न्यायालयाच्या निकालात नोंदलेली आहे: ५,०१२ रहिवासी, त्यातले ९७.५ टक्के कृष्णवर्णीय, ५७.८ टक्के घरांचे संडास बाहेर, २९.३ टक्के घरांत वीज नाही. म्हणजे सुधारणेची गरज होतीच, हे कुणीही नाकारत नव्हतं.

त्याच पट्ट्यात एक डिपार्टमेंट स्टोअर होतं. मालक गोरे होते. आमची इमारत मोडकळीला आलेली नाही, तिथे कुणी राहत नाही, तुम्ही आमची जागा घेऊन दुसऱ्या खासगी बांधकामवाल्याला का देता, असं त्यांचं म्हणणं. ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये निकाल लागला: भागाचा विचार एकत्र करायचा, त्यातली एखादी इमारत धडधाकट असली म्हणून ती वगळायला हवी असं नाही. निकाल एकमतानं होता. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा प्रसिद्ध निकाल याच न्यायालयानं त्याच वर्षी मे महिन्यात दिला होता.

बर्मन खटल्याच्या निकालानं देशभरच्या बुलडोझरांना वाट मोकळी झाली. वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातून सुमारे २३ हजार माणसं आणि दीड हजाराच्या आसपास धंदे हलले. डेट्रॉइटमध्ये हेस्टिंग्ज स्ट्रीट हा काळ्या धंद्यांचा कणा होता. त्यावरून क्रायस्लर फ्रीवे गेला. डेट्रॉइटची ही कहाणी जून मॅनिंग थॉमस या शहरनियोजनाच्या प्राध्यापिकेनं ‘रिडेव्हलपमेंट अँड रेस’ या १९९७ च्या पुस्तकात मांडली. नियोजनकारांनी जागेचा विचार केला, वर्णभेदाचा केला नाही, म्हणून चांगल्या हेतूनं आखलेल्या योजनाही फसत गेल्या, असा त्यांच्या मांडणीचा रोख आहे.

इथे एक बारकावा लक्षात घेऊ. इमारत पाडली की भरपाई इमारतीच्या मालकाला मिळते. भाडेकरू दुकानदाराला फार तर सामान हलवायचा खर्च. पण न्हाव्याची खरी मिळकत असते ती वीस वर्षांत जमवलेली गिऱ्हाइकं. ती चार दिशांना पांगली, आणि त्यांची किंमत भरपाईत धरलीच जात नसे. खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवता येते; रोज संध्याकाळी तिच्याभोवती जमणारी माणसं उचलता येत नाहीत.

नैर्ऋत्य भागाचं काय झालं ते शॉमधल्या लोकांनी पाहिलं होतं. १९६६ मध्ये वॉल्टर फाँट्रॉय या पाद्र्यानं मिक्को नावाची संघटना उभी केली: आमच्या वस्तीची योजना आमच्याशिवाय आखायची नाही. मार्च १९६७ मध्ये स्वतः मार्टिन ल्यूथर किंग त्यासाठी शॉमध्ये आले. सगळा भाग एकदम सपाट करण्याचा प्रसंग इथे टळला.

४. आग आणि खड्डा

आता एका दुकानात शिरू. २२ ऑगस्ट १९५८ रोजी यू स्ट्रीटवर बेन आणि व्हर्जिनिया अली या जोडप्यानं ‘बेन्स चिली बोल’ उघडलं. बेन मूळचे त्रिनिदादचे, पूर्वज भारतातून तिकडे गेलेले. व्हर्जिनिया अमेरिकन कृष्णवर्णीय. जागा पूर्वीच्या मूकपटगृहाची. भांडवल ५,००० डॉलर. दुकानाची खासियत हाफ-स्मोक: अर्धं डुकराचं, अर्धं गाईचं मांस भरलेलं धुरावलेलं सॉसेज, मऊ पावात, वर मोहरीची चटणी, कांदा आणि झणझणीत खिम्याचा रस्सा. रात्री अडीच-तीनला कार्यक्रम संपवून आलेला वादक आणि पाळी संपवून आलेला टॅक्सीवाला एकाच काउंटरला.

४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी किंग यांची हत्या झाली आणि याच रस्त्यावर, चौदाव्या रस्त्याच्या चौकात, दंगल पेटली. शेकडो दुकानं लुटली गेली, जळाली. आपलं दुकान वाचवायला अनेकांनी काचेवर ‘सोल ब्रदर’ असं लिहिलं: हे आपल्याच माणसाचं आहे. बेन्सच्या काचेवरही साबणानं तेच लिहिलं होतं. संचारबंदी लागू असताना हे दुकान परवानगीनं उघडं राहिलं. तरुण नेते स्टोकली कारमायकल यांनी तशी गळ घातली होती, आणि रात्री तिथे कार्यकर्तेही जेवत, पोलीसही.

आगीतून वाचलेले धंदे मग तीन बाजूंनी खंगत गेले. पहिली बाजू गमतीशीर वाटेल: वर्णभेद कमी झाला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं वॉशिंग्टनची उपाहारगृहं सगळ्यांना खुली झाली, पुढे उपनगरंही खुली होत गेली. ज्यांच्या खिशात पैसे होते ती काळी कुटुंबं कुठेही जाऊ लागली. न्याय मिळाला, पण रस्त्यानं आपलं हक्काचं गिऱ्हाईक गमावलं. दुसरी बाजू म्हणजे जळालेल्या जागांवर कर्ज द्यायला कुणी तयार नव्हतं. आणि तिसरी, खुद्द मेट्रो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भुयारासाठी यू स्ट्रीट खणून काढला. दुकानासमोर खड्डा, फळकुटांवरून चालायचं. बेन्समध्ये कामाला एक-दोन माणसंच उरली, आणि गिऱ्हाईक म्हणून मुख्यतः मेट्रोचे मजूर. ११ मे १९९१ रोजी स्टेशन उघडलं. तोवर टिकले ते थोडेच.

मेट्रोची फळं मिळायला लागली तेव्हा ती खायला जुने दुकानदार किती उरले होते, हा पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा.

५. कॅपुचिनो

१९७० मध्ये वॉशिंग्टनची ७१ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय होती. लोक अभिमानानं म्हणत ‘चॉकलेट सिटी’. २०२० च्या जनगणनेत हा आकडा ४१ टक्क्यांच्या आसपास आला. हायरा यांची उपमा इथे लागू होते. काळ्या कॉफीच्या कपात मधोमध पांढरा फेस आला, गडद रंग कडेला सरकला: शहराचा मध्य गोरा होत गेला, कृष्णवर्णीय कडेच्या भागांत आणि उपनगरांत गेले. शिवाय साध्या कॉफीपेक्षा कॅपुचिनो महाग, हेही आलंच.

पण हायरा यांचं खरं निरीक्षण पुढचं आहे. शॉमध्ये येणारी नवी, बहुतेक गोरी, तरुण मंडळी काळ्या इतिहासापासून दूर पळत नव्हती. उलट त्याच आकर्षणानं ती येत होती. हे बांधकाम व्यावसायिकांनी ओळखलं. नव्या उंची इमारतींना नावं मिळाली ‘द एलिंग्टन’, ‘लँगस्टन लॉफ्ट्स’. दुसरं नाव लँगस्टन ह्यूज या कवीवरून. एलिंग्टनचं भलंमोठं चित्र भिंतीवर, फुटपाथवर वारसा-फेरीचे फलक. याला हायरा ‘ब्लॅक ब्रँडिंग’ म्हणतात: वस्तीचा काळा इतिहास हीच तिची जाहिरात. पूर्वी ज्या ओळखीमुळे बँक कर्ज नाकारत होती, त्याच ओळखीवर आता चढं भाडं मागता येतं.

ब्रँडी थॉम्पसन समर्स यांनी शहराच्या पूर्वेकडच्या एच स्ट्रीटचा अभ्यास ‘ब्लॅक इन प्लेस’ या २०१९ च्या पुस्तकात केला. तोही १९६८ च्या आगीत होरपळलेला रस्ता, तिथे २०१६ मध्ये ट्राम धावू लागली. त्यांनाही हेच दिसलं: काळेपणाची छटा सजावटीत उरते, माणसं विरळ होतात.

हायरा आणखी एक फरक शिकवतात. घर सुटणं हे एक विस्थापन. पण काही जुने रहिवासी अनुदानित घरांमुळे तिथेच राहिले, त्यांचं काय? त्यांना वेगळंच काही गमवावं लागलं. वॉर्डाच्या सभेत नव्यांची संख्या वाढली, आणि चर्चेला विषय आले कुत्र्यांसाठी बाग, सायकलींची मार्गिका, रविवारी चर्चसमोर दुहेरी लागणाऱ्या गाड्यांवर कारवाई. सायकलची मार्गिका वाईट नाही. पण रोजगाराचा, तरुण मुलांचा, परवडणाऱ्या किराणा दुकानाचा विषय यादीत खाली गेला. याला ते राजकीय विस्थापन म्हणतात. आणि नेहमीची दुकानं, चालीरीती, जमण्याच्या जागा गेल्यानं आपल्याच गल्लीत पाहुण्यासारखं वाटणं, ते सांस्कृतिक विस्थापन. काळे-गोरे एकाच चौकात राहतात, पण कॉफी वेगवेगळ्या दुकानांत पितात. दुरून पाहिलं तर वस्ती मिश्र. जवळ गेलं तर मधे रेघ.

६. एका कात्रीचा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर काढू. आकडे कल्पित आहेत, रीत खरी.

समजा एका केशकर्तनालयाचं महिन्याचं भाडं २,००० डॉलर आहे आणि एका हजामतीचे २५ डॉलर. भाड्यापुरत्या हजामती झाल्या ८०. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला तीन. म्हणजे सकाळची पहिली तीन गिऱ्हाइकं घरमालकासाठी, बाकीची आपल्यासाठी.

वस्ती सुधारली. करार संपला आणि भाडं झालं ६,०००. आता २४० हजामती भाड्यातच गेल्या, दिवसाला नऊच्या वर. दुकानात दोन कारागीर असतील तर दोघं मिळून दिवसाला वीस डोकी करतात. निम्मा दिवस घरमालकाचा. उरलेल्या निम्म्यात दोघांचा पगार, वीज, विमा, घरखर्च.

दर वाढवला तर? पहिल्याइतक्याच गिऱ्हाइकांत भाडं भागवायचं तर हजामत ७५ डॉलरला करावी लागेल. जुना पेन्शनर तेवढे देणार नाही. नवा तरुण देईल, पण त्याला वेगळ्या खुर्च्या हव्यात, वेगळं संगीत हवं. म्हणजे दुकान तगलं तरी ते दुसरंच दुकान होतं.

वर आणखी एक कलम. अमेरिकेत दुकानांच्या अनेक भाडेकरारांत इमारतीचा मालमत्ता कर, विमा आणि देखभाल भाडेकरूच्या गळ्यात असते. वस्तीचा भाव वाढला की कर वाढतो. म्हणजे मालमत्तेचं मोल वाढलं दुसऱ्याचं, त्यावरचा कर भरायचा न्हाव्यानं. राहत्या घरांच्या भाड्यावर काही शहरांत मर्यादा आहे. दुकानांच्या भाड्यावर ती जवळजवळ कुठेच नाही.

गिऱ्हाईक वाढलं, हे खरंच. पण वाढीव गल्ला भाड्याच्या वाटेनं मालकाकडे गेला. गाळा स्वतःचा असता तर तीच सुधारणा त्याच न्हाव्याला लाभली असती.

७. भोंगा कुणाचा?

शॉमध्येच, सातवा रस्ता आणि फ्लॉरिडा अव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर मोबाइल फोनचं एक दुकान. १९९५ पासून त्याच्या दारातल्या भोंग्यावर दिवसभर गो-गो वाजे. गो-गो हे वॉशिंग्टनचं स्वतःचं संगीत: एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतही ढोल आणि काँगा थांबत नाहीत, ताल अखंड चालू. १९७० च्या दशकात चक ब्राउन यांनी ते घडवलं.

एप्रिल २०१९ मध्ये जवळच्या नव्या इमारतीतून तक्रार आली आणि भोंगा बंद झाला. पुढचे काही दिवस त्या चौकात आणि यू स्ट्रीटवर वाद्यवृंदच उतरले. ‘डोन्ट म्यूट डीसी’ या घोषणेखाली हजारो माणसं नाचली, याचिकेवर हजारो सह्या पडल्या. काही दिवसांतच भोंगा पुन्हा सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गो-गो हे शहराचं अधिकृत संगीत ठरवणारा कायदा झाला.

या प्रसंगातून अभ्यासकांचा मुद्दा लख्ख कळतो. ते संगीत जपलं होतं कुणी? कुठल्या सभागृहानं नव्हे, की संग्रहालयानं नव्हे. एका दुकानदारानं, फोन विकता विकता, चोवीस वर्षं. वस्तीच्या संस्कृतीचा बराचसा भाग असा कुणाच्या ना कुणाच्या धंद्याच्या वळचणीला असतो. दुकानाचा करार संपला की तिचाही आसरा जातो.

८. मग करायचं काय?

वारसा दर्जा द्यावा, हे पहिलं उत्तर सुचतं. त्याची मर्यादा सॅन फ्रान्सिस्कोत दिसली. तिथल्या फिलमोर भागात मार्कस बुक्स हे पुस्तकांचं दुकान होतं. ज्युलियन आणि रे रिचर्डसन या दांपत्यानं १९६० मध्ये सुरू केलेलं, देशातलं सर्वांत जुनं कृष्णवर्णीय मालकीचं पुस्तकांचं दुकान. त्याच्या इमारतीत पूर्वी जिंबोज बॉप सिटी हा गाजलेला जॅझ क्लब होता. २०१४ च्या आरंभी शहरानं त्या इमारतीला वारसा दर्जा दिला. त्याच वर्षी दुकानाला त्या इमारतीतून बाहेर पडावं लागलं. दर्जा विटा-लाकडाला मिळाला होता. दुकानाची ओकलंडमधली शाखा मात्र तगली.

शहरानं यातून धडा घेतला. २०१५ मध्ये तिथे जुन्या धंद्यांची नोंदवही सुरू झाली. साधारण तीस वर्षं चाललेला आणि वस्तीच्या ओळखीत भर घातलेला धंदा तिच्यात नोंदवता येतो. मतदारांनी मंजूर केलेल्या निधीतून अशा धंद्यांना अनुदान मिळू लागलं, आणि खरी मेख पुढे आहे: दहा वर्षांचा भाडेकरार करून देणाऱ्या घरमालकालाही अनुदान. चित्र रंगवण्यापेक्षा करार लांबवण्यावर पैसा खर्च करायचा, हा विचार नवा होता.

तिसरा उपाय मालकीचा, आणि त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ म्हणजे जमीन एका विश्वस्त संस्थेच्या नावावर, तीही कधी न विकण्याच्या बोलीवर. वरचं घर किंवा दुकान माणसाच्या नावावर किंवा ९९ वर्षांच्या करारावर. देवस्थानच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर असतं, तसंच काहीसं. जमीन बाजारात येतच नाही, त्यामुळे तिचा भाव चढून वरच्या माणसाला उठवू शकत नाही. असा पहिला ट्रस्ट १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात ऑल्बनी गावाजवळ उभा राहिला, ‘न्यू कम्युनिटीज’ या नावानं, सुमारे ५,७०० एकरांवर. नागरी हक्क चळवळीतले चार्ल्स आणि शर्ली शेरॉड त्यात होते, आणि त्यांच्याबरोबर रॉबर्ट स्वान हा गांधीविचारांचा शांततावादी. स्वान यांनी ज्या कल्पनांपासून प्रेरणा घेतली, त्यांत विनोबांचं ग्रामदान होतं: जमीन गावाची, कसणारा कसेल. रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या माणसाचा विचार जॉर्जियाच्या काळ्या शेतकऱ्यांपर्यंत पोचला तो असा. तिथून तो शहरांत गेला, आणि आज तोच आराखडा दुकानांच्या गाळ्यांसाठीही वापरला जात आहे.

न्यू कम्युनिटीजची वाट सोपी नव्हती. दुष्काळात सरकारी शेतकर्ज वेळेवर मिळालं नाही आणि १९८५ मध्ये जमीन गेली. वर्णभेदामुळे कर्ज अडवल्याबद्दल २००९ मध्ये त्यांना १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली. त्या पैशातून त्यांनी ऑल्बनीजवळ नवी जमीन घेतली. ती पूर्वी एका गुलाममालकाची होती.

९. सुरुवातीचे दोन प्रश्न

काळा मालक, गोरा मालक असा फरक कशाला? कारण शतकभर कायद्यानं आणि बँकांनी तो केला, आणि त्या भेदाच्या काळात काळ्या मालकाच्या दुकानानं वस्तीची अशी कामं केली जी दुसरं कुणी करत नव्हतं.

आणि सुधारणा झाली तर जुना दुकानदार नाराज का? कारण सुधारणेचा नफा जमिनीत मुरतो, आणि जमीन त्याची नसते. हायरा, थॉमस, समर्स यांनी वेगवेगळ्या रस्त्यांवर, वेगवेगळ्या दशकांत जे पाहिलं त्याचा मथितार्थ एवढाच. ट्राम, मेट्रो, रुंद फुटपाथ हवेतच. पण ते येण्याआधी गाळ्यांचे करार, कर आणि मालकी यांची सोय लावायला हवी. नंतर लावायची म्हटलं तर ज्यांच्यासाठी लावायची ते निघून गेलेले असतात.

तेव्हा कुठल्याही शहरात जुन्या वस्तीच्या भिंतीवर तिथल्या थोर कलावंताचं चित्र दिसलं, तर ते जरूर पाहावं. मग खालच्या दुकानात जाऊन काहीतरी विकत घ्यावं आणि मालकाला विचारावं: तुमच्या भाडेकराराची किती वर्षं उरली?